व्यापाऱ्याला हवा होता पांढरा

काय सांगू बायांनो, आमच्या प्रियानं अख्खा आठवडा पांढऱ्याला पांढरं करण्यात घालवला. प्रिया माझी नात, साताऱ्यात घरी बसून लोकांच्या वेबसाइटी बनवते. पहिलंच काम मिळालं ते सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याचं. त्याचं रोज फोनवर एकच गाऱ्हाणं, "अक्षरांच्या मागचा रंग पांढरा सांगितला हुता, ह्यो पिवळट हाय!" पोरगी रोज बदलून पाठवायची. शेवटी मला म्हणाली, "आजी, याच्यापेक्षा पांढरा रंग देवानंच केला नाही गं." तिकडं तो म्हणाला, "जमत नसंल तर काम दुसऱ्याला देतो."

मी म्हटलं, "ऊठ, सांगलीला जाऊन समोरच बघू."

दुकानात शेटजी हळकुंडं मोडून मोडून पारखत बसलेले. त्याच हातानं फोन उचलला नि पोरीपुढं धरला. "बघ, तूच सांग, पांढरं हाय का हे?"

प्रिया वाकून बघते तर खरंच पिवळं! पोरगी रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "आवं शेटजी, आणा हिकडं." फोन घेतला, पदरानं काच खसाखसा पुसली नि परत हातात दिला.

शेटजी उडालेच. "आत्ता कसं! झालं की पांढरंशुभ्र! आज्जी, तुमीबी वेबसाइटी बनवता व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं, "बनवते ती. मी नुसती पुसते."