निनाद नवरदेवाची हळद

मंडळी, आज प्रश्न साधा आहे. माणसाला मोकळं व्हायचं असतं – पण कुणापासून? मालकापासून? ठीक. आणि ज्यांच्यासाठी गायचं, त्यांच्यापासून? आता का गप्प बसलात?

ऐका! पेणच्या बाजूला खाडीकाठी एक आगरी गाव. तिथला निनाद म्हात्रे. गाणी स्वतः लिहायची, गिटारवर चाली स्वतः बांधायच्या. एका संगीत कंपनीनं बोलावलं, तर म्हणाला, "माझ्या गाण्यात कुणाची ढवळाढवळ चालणार नाही!" वा! बाणेदार!

त्याची काकी हिराबाय ही गावची धवलारीण – म्हणजे धवले गाऊन लग्न लावणारी बाई. प्रत्येक मांडवात ती नवी नावं गुंफायची. नवऱ्याचं, त्याच्या आईबापाचं, आज्याचं. निनादनं काकीच्या चालीवर हळदीचं गाणं रचलं. नवऱ्याच्या नावाची जागा आली. रेकॉर्डिंगमध्ये नाव कुणाचं घालणार? यानं घातलं स्वतःचं! कलाकार तो – दुसरं सुचणार कसं?

गाणं गाजलं! हळद कुणाचीही असो, स्पीकरवर नवरदेव निनादच! काकीला मात्र बोलावणी बंद झाली.

"काकी, मी लोककला टिकवतोय," निनाद म्हणे.

"टिकव, बाबा. माना कोन बोलवत नाय, तं मी घरान बसून बघतंय."

मग आली निनादच्या बहिणीची, ज्योत्स्नाची हळद. नवरा जयेंद्र. त्याची उष्टी हळद वाटीत घेऊन त्याच्या आत्याबाई चंद्राबाय बायकांसकट मांडवात आल्या. डीजेवाल्यानं मोठ्या प्रेमानं तेच गाणं लावलं!

आत्याबाईंनी कान टवकारले. "आमचा नवरा जयेंद्र. ह्यो निनाद कोन गो?"

कुणीतरी पुटपुटलं, "नवरीचा भाऊस."

झालं! बाईंनी वाटी उचलली. "उठा गो! बहिनीच्या हलदीन भावाला नवरा करतान! असल्या घरची पोर आमाला नको!"

ज्योत्स्ना रडकुंडीला आली. "दादा, काहीतरी कर ना!"

निनादनं स्पीकर बंद करवला, गिटार घेतली. 'जयेंद्र नवरा' म्हणाला. बरं झालं!

"आन् नवऱ्याच्या बापाचा नाव?" आत्याबाईंनी विचारलं.

गिटार थांबली. सोयरीक ठरली तेव्हा साहेब दौऱ्यावर होते – आपली मुळं शोधण्याच्या! आता सांगा, कंपनीनं ढवळाढवळ केली होती का इथं?

निनाद काकीपुढे वाकला. "काकी, तू म्हण."

"तुजा मशीन हाय नं?"

"चुकलो, काकी."

हिराबाय उठली. आधी आत्याबाईंजवळ गेली. "बाय, तुजा नाव काय गो? नवऱ्याच्या बापाचा? आज्याचा?" आणि मग गळा मोकळा सोडला. जयेंद्र आला, त्याचा बाप आला, आजा आला – आणि हळद घेऊन चंद्राबाय आली! आपलं नाव गाण्यात चाललेलं असताना मांडव सोडून कोण जाईल, मंडळी? बाई बसल्या! निनादनं हळूच साथ धरली, तर काकी म्हणाली, "बारीक वाजव. नाव ऐकू येव दे."

ज्योत्स्नाला हळद लागली. आता निनाद हळदीला गेला की आधी बायकांत बसून नावं विचारतो. काकी शेजारी असते. शहरातले जाणकार याला 'धाडसी प्रयोग' म्हणतात!

हसलात? हसा. उद्या सकाळी देवापुढे मोबाईलवर आरती लावाल आणि तुम्ही जाल चहा टाकायला. यंत्र आळवतंय, यंत्र लोटांगण घालतंय. समजा, देव खरंच प्रसन्न झाला, समोर आला आणि म्हणाला, "बोल, काय हवं?" –

तर उत्तर कोण देणार, मंडळी?