नॉर्वे जेवायला बसंना

...आता नॉर्वे जेवायला बसंना, ह्यात माझा काय दोष, तुमीच सांगा की! रविवार, मटण शिजलेलं, वास जिन्यापर्यंत गेलेला, वरच्या मजल्यावरचा सोमशेखर दोनदा "पेपर आलाय का?" म्हणून डोकावून गेला, आन् माझी पोरगी संस्कृती ताटापुढं हाताची घडी घालून उभी! म्हणती, "पप्पा, नॉर्वेचा बहिष्कार आहे."

तुमाला सांगतो, हे सगळं तिच्या कॉलेजनं केलं. तितं खोटी-खोटी राष्ट्रसंघाची सभा भरवत्यात. एकेका पोराला एकेक देश वाटून द्यायचा, त्यानं त्या देशावानी बोलायचं. आमच्या वाट्याला नॉर्वे. मी म्हणलं, बरं झालं, लांबचा देश हाय, भांडणं न्हाईत. कसलं काय! सकाळी पाणी भरताना नॉर्वे, झाडू मारताना नॉर्वे... स्त्री-पुरुष समानता, मानवी हक्क, पृथ्वीचं तापमान, कुटल्या समुद्रात कुणाचं जहाज... मी आपली मान हलवायचो. रिक्षावाला माणूस मी, मागं बसलेला काय बी बोलला तरी मान हलवायची सवय हाय आपल्याला! मला वाटलं, हे सगळं परदेशात चाललंय. ते माझ्या ताटात येईल, असं कुणाला वाटंल व्हय?

आलं की! रविवारी ठराव आला. "या घरात पप्पा आधी जेवतात, मग आज्जी, मग मी, आणि मम्मी गॅसपुढून सुटली की सगळ्यांत शेवटी, गार रश्श्याबरोबर. यापुढं सगळे एकत्र जेवणार!" मी म्हणलं, जेवू की! ताटं हाईत, जागा हाय. लगेच हात वर केला. मला वाटलं, झालं मंजूर. तवर पूनम, म्हंजी माझी बायको, मागं वळून न बघताच म्हणाली, "आन् भाकरी कोण थापणार?"

आता बघा हां. आमच्यात भाकरी तव्यावरनं थेट ताटात पडली पायजे. आमी मंगळवेढ्याकडची मेंढरं राखणारी माणसं, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला म्हणून काय गार भाकरी खायची? एकजण थापणार, बाकीचे खाणार. म्हंजी सगळी एकत्र बसली तर भाकरी न्हाय, आन् भाकरी पायजे तर सगळी एकत्र न्हाईत! मग मी कुणाच्या बाजूनं? ह्यात मी कुटला देश? तेवढं एक मला सांगा की कुणीतरी!

तोडगा मीच काढला. म्हणलं, कडक भाकरी खाऊ! पापडावानी असती, लई दिवस टिकती, थापायची भानगडच न्हाय. नॉर्वे खूश! तर आमची आई, चिमाबाई, कोपऱ्यातनं म्हणती, "आन् माजं दात कुटं हाईत रं? सुनंला हक्क, नातीला हक्क, म्हातारीला न्हाय व्हय?" पडला ठराव! वर म्हणती, "गॅसच्या भाकरीला चवच न्हाय. गच्चीवर चूल मांडा." नॉर्वे किंचाळली, "आज्जी, धूर! पृथ्वी तापतीय!" आई म्हणती, "तापू दे की, तापल्याबिगर भाकरी भाजती व्हय?" आता ह्यात मी कुटला देश? मी दोघींकडं बघून मान हलवली, तर दोघी मिळून माझ्यावर खेकसल्या!

मटण गार व्हायलं. शेवटी कटाळून मी पूनमलाच विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय गं? तुला गरम भाकरी पायजे का?"

तशी ती थांबली. हातात पिठाचा गोळा तसाच. म्हणाली, "काय की वो... ह्या घरात आल्यापास्नं तव्यावरची भाकरी खाल्लीच न्हाय. आवडती का न्हाय, मलाच म्हाईत न्हाय."

मला लई वाईट वाटलं बघा. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला गरम भाकरीची चव म्हाईत न्हाय, असं कुटं असतंय व्हय?

मी उठलो, तिच्या हातातला गोळा घेतला, तिला ताटावर बसवली आन् गॅसच्या कट्ट्यापुढं उभा ऱ्हायलो. पहिल्या भाकरीला मधी भोक! दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. आई बसल्या जाग्यावरनं ओरडायली, "पाणी फिरीव रं वरनं, पाणी!" तिसरी मातर फुगली. अर्धीच, पण फुगली! हात भाजत पूनमच्या ताटात नेऊन टाकली. तिनं मोडली, फुंकर मारली, खाल्ली. सगळी सभा तिच्या तोंडाकडं बघायली. "आवडली का गं?" तर डोळं पुसत म्हणती, "जरा कच्ची हाय... पर आजून एक टाका."

मग काय विचारता! आईला मऊ, नॉर्वेला पातळ, तवर पूनमचं ताट रिकामं... आन् सोमशेखर कानडी-मराठीत "ऊट आतेन्री, जेवण झालं का?" करत तिसऱ्यांदा आला, त्याला बी बसवला! मी घामानं भिजलेलो. तव्यापुढनंच ओरडलो, "अगं संस्कृती, सगळं तुझ्या मनासारखं झालं, आता तरी सांग, ह्यात मी कुटला देश?"

नळी चोखत नॉर्वे म्हणती, "पप्पा, तुम्ही यजमान देश. पाहुण्यांचं झालं की मग तुमचं."

झालं की सगळ्यांचं. पातेल्यात बघितलं तर खाली नुसता रस्सा, तो बी गार. भाकरी उरलेली एकच, ती भोकाची. बसलो एकटाच, बुडवून खाल्ली... आन् आवडली का म्हणून एका बी देशानं विचारलं न्हाय!