खालच्या कप्प्यातली डबी

माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेचे संचालक, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आमच्या बाई, आणि चहाची वाट पाहत मला सहन करणारे सज्जनहो,

मी पिशव्या शिवते. पाणबुडे समुद्राच्या तळाचे स्पंज ज्या जाळीच्या पिशव्यांतून वर आणतात, त्या माझ्या. त्या पाणबुड्यांपैकी एक माझे यजमान होते. बाईंना मी म्हटलं, "मला विज्ञानातलं काय कळतं?" तर म्हणाल्या, "म्हणूनच बोला. बाकीचे लांबण लावतील."

स्पंज हा प्राणी आहे, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर ती भांडी घासायची वस्तू होती. मग बाईंनी पुस्तक दिलं. शब्दकोश शेजारी घेऊन बसले. पहिलं पान संपेपर्यंत दूध उतू गेलं होतं आणि यजमान उपाशीच कामावर गेले होते.

इथली एक पद्धत पाहुण्यांना सांगायला हवी. नव्या स्पंजाचं शास्त्रीय नाव ठरायला फार काळ जातो. तोवर, ज्या पाणबुड्यानं तो आणला त्यानं ठेवलेलं टोपणनाव चालतं. यजमानांनी एकदा पिवळा, ओबडधोबड, उग्र वासाचा स्पंज आणला. नाव ठेवलं 'बायको'.

"का हो?" मी विचारलं.

"अगं, तो जागचा हलत नाही. पळता येत नाही, चावता येत नाही. पण कोणी वाट्याला गेलं की असं काही सोडतो, की मासा पुन्हा तिकडे फिरकत नाही. त्यातच तर बाई औषध शोधतात!"

हे कौतुक होतं का? मी दिवसभर अबोला धरला. त्यांचा मुद्दा आपोआप सिद्ध झाला.

पुढे मी पिशव्या द्यायला आले की आतून आवाज यायचा, "बायको फार कडक गोठलीय, जरा बाहेर काढून ठेवा!"

त्या स्पंजाच्या अर्कानं काचेच्या ताटलीतल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या. पण चांगल्याही मेल्या. मारणारं आणि तारणारं वेगळं करण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली. मध्येच यजमानांनाच तो आजार झाला. बाई रुग्णालयात आल्या तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "बाई, औषध होईल?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "होईलही. तुमच्यापर्यंत पोचणार नाही."

यजमान माझ्याकडे बघून म्हणाले, "असू दे. ही तरी कधी वेळेवर तयार झालीय?"

आम्ही तिघंही हसलो. ते हसू मला अजून पुरतंय.

आता सोमवारी बाईंचा फ्रीजर रिकामा होणार, असं ऐकते. खालच्या कप्प्यात त्या स्पंजाची शेवटची डबी आहे. तो कुठल्या खडकावर मिळतो ते यजमानांनाच ठाऊक होतं; नंतर कोणाला सापडला नाही. बाई म्हणाल्या, "आठवण म्हणून घरी नेता?" मी नको म्हटलं. घरी एक बायको आहेच, आणि तिचा काय उपयोग ते अजून कोणाला सापडलेलं नाही.

डबी इथेच हवी. बाईंच्या जागी कोणी येईल, नवी युक्ती आणेल. अध्यक्ष महाराज, मुठीएवढी जागा मागते. बायको वेळेवर तयार होत नाही हे खरं. पण तयार होतेच, एवढं मी स्वानुभवानं सांगते.

आपली मान हलली, ती सगळ्या सभागृहानं पाहिली. आपली आभारी आहे. बाई, तुमचे आभार मानायला मला शब्दकोशही पुरणार नाही. शिवताना टाका सुटला तर मी उसवून पुन्हा घालते. बोलताना सुटला असेल, तर तेवढा तुम्ही सगळ्यांनी सांभाळून घ्या.