ठाण्यात जमा झालेलं पिस्तूल

जमलेल्या समद्या मंडळींना हात जोडतो. मी दत्तू, कौसल्याचा थोरला भाऊ. खुलताबादच्या वरल्या अंगाला मेंढरं राखतो. मला माईकवर बोलायची सवय नाय, मेंढरांवर ओरडायची हाय. तवा आवाज चढला तर वाईट वाटून घेऊ नका. वाटलं तर वाटू द्या.

माझी धाकटी बहीण गेल्या आठवड्यात गेली. नेमबाजीच्या रेंजवरून घरी आली, छातीत दुखतंय म्हणली, पाणी मागितलं. पाणी आणेस्तोवर समदं संपलं व्हतं. बोलायचं ते आज गिळून बसणार नाय. लई वर्षं गिळलं.

माझ्याआधी जे बोलले, ते म्हणले कौसल्या गोफण फिरवून नेम शिकली. पेपरातबी तेच छापलं. मंडळी, तिला गोफण येतच नव्हती! तिचा दगड कधी मेंढराला लागायचा, कधी मला. तिला एकच गोष्ट यायची. उभं राहता यायचं. उन्हावाऱ्यात, न हलता. कॉलेजात एनसीसीत गेली, तिथं छावणीतल्या एका सुभेदारानं पोरींच्या हातात पिस्तूल दिलं आन हात सरळ धरायला सांगितलं. बाकीच्या दमल्या. ही उभीच. सुभेदार म्हणला, "बेटी, अब नीचे कर." ही म्हणली, "क्यूं?"

मग घरी भरला तांब्या हातात धरून उभी राहायची. आई म्हणायची, "अगं, बघायला आलेले पाव्हणे येडी म्हणतील." "म्हणू दे," म्हणायची. नेमबाजीत राज्यात पहिली आली, तवा आम्ही अर्धी मेंढरं विकली आन तिला तिचं पिस्तूल घेऊन दिलं.

आन मग ते साल आलं. तसा नेम तिचा आधी नव्हता, नंतरबी लागला नाय. दिल्लीला चाचणी व्हती, तिथून देशाचा संघ निवडायचा व्हता. आन इथं निवडणूक लागली. निवडणूक लागली की लायसनचं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. खेळाडूला सूट असती. तिला म्हायती व्हतं, ठाण्यातल्या साहेबालाबी म्हायती व्हतं. साहेब म्हणला, "वरून लिहून आणा." वरचे म्हणले, "ठाण्यातून मागा." वर, खाली, वर, खाली. मी तिच्यासंगं हिंडलो. चपला झिजल्या, पिस्तूल ठाण्याच्या कपाटातच.

शेवटी आम्ही भाऊसाहेबांकडं गेलो. भाऊसाहेब, तुम्ही स्टेजवर बसलाय म्हणून तोंडावर सांगतो. तुम्ही उभे व्हते त्या निवडणुकीला. एक फोन केला असता तर झालं असतं. तुम्ही म्हणले, "पोरी, निकाल लागू दे, मग बघू."

निकाल लागला. तुम्ही निवडून आले. दिल्लीची चाचणी कवाच उरकली व्हती.

तुमच्या मिरवणुकीत हवेत बार उडाले. आम्ही दोघं रस्त्याच्या कडंला उभे व्हतो. माझ्या बहिणीचं पिस्तूल ठाण्यात. मग ती बंदूक कुणाची व्हती, भाऊसाहेब? ती नाय का जमा झाली?

पिस्तूल परत मिळालं ते गंज चढलेलं. ती शिव्या देईल वाटलं. खाली बसली, तेल लावून पुसत राहिली. म्हणली, "दादा, पुढल्या वर्षी." पुढल्या वर्षी दुसऱ्या पोरी पुढं आल्या. मग हिनं पोरींना शिकवलं. तुम्ही तिला महिला दिनाला बोलवायचे, हार घालायचे, फोटो काढायचे. ती घरी येऊन हार शेळीला टाकायची.

परवा राख सावडून घरी आलो तर दारात शिपाई. "मालक वारला की हत्यार जमा करावं लागतं." करा म्हणलं. त्या वेळी द्यायला ज्यांना सवड नव्हती, त्यांना न्यायला किती सवड!

आता तुम्ही जाहीर केलं, चौकाला कौसल्याचं नाव देणार. नको. चौकात तिचं काय काम? पुढल्या महिन्यात परत निवडणूक लागती. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी तिथं मागं बसल्यात, त्यांचीबी चाचणी त्याच टायमाला हाय. त्यांची पिस्तुलं ठाण्यात जाऊ देणार नाय, एवढा शब्द इथं समद्यांसमोर द्या. नसंल द्यायचा तर नावबी देऊ नका.

आता दोन मिनिटं उभं राहायचंय. पण मान खाली घालून नाय. ती उभी राहायची तसं. डावा हात खिशात नायतर कमरंला. उजवा हात समोर, सरळ, खांद्याच्या रेषेत. हात भरून आला की खाली घ्या आन गुमान बसा, कुणी हसणार नाय. भाऊसाहेब, तुम्हीबी. तुमचा हात खाली आला की तो शब्द देऊनच बसा.

मी बसणार नाय. माझी बहीण बसली नव्हती.

उठा.