गप्प विहीर

प्राची : थांबा काकू, हात लावू नका. आधी मला हातमोजे घालू द्या.

राजमती : इख असतंय म्हनून? आमचा गोमटेश तर तळहातावर घेऊन बसायचा ह्या बेडकांस्नी.

प्राची : माणसाच्या घरात वाढलेल्यांत विष नसतं. तिकडं मध्य अमेरिकेतल्या जंगलात ते ज्या मुंग्या खातात, त्यांच्यातून विष येतं. मला भीती दुसरीच आहे.

राजमती : त्याच्या वहीत तुमचा नंबर सापडला. 'प्राची मॅडम, सातारा, बेडूक.' माझं पोरगं चैतात गेलं, कराडच्या हायवेवर. तवापास्नं ही काचेची पेटी मीच बघती.

प्राची : फोनवर तुम्ही चार म्हणाला होतात ना? दोनच दिसतात.

राजमती : तो जित्त्या माशा टाकायचा तेस्नी. ते पाप माझ्या हातनं होईना. मग झाकण उघडं ठेवलं. मुंग्यांची रांग जाती आत, तेंचं ते बघतील म्हनलं.

प्राची : आणि तेच बाहेर आले.

राजमती : आले की. एक दिवशी पाणी गाळाय बसले, तर हंड्याच्या काठावर ही लाल बया. पाय निळे. पाठीवर काळं कायतरी वळवळतंय.

प्राची : पिल्लू. आई एकेकाला पाठीवर घेते, जरासं पाणी दिसलं की तिथं नेऊन ठेवते. मग दोन-चार दिवसांनी येऊन पिल्लाला खायला तिथंच अंडं घालते.

राजमती : न चुकता?

प्राची : न चुकता.

राजमती : म्हनून ती गोमटेशच्या खोलीत जायची. त्याचा दाढीचा मग हाय तिथं, पाण्यासकट. मी धुतलाच न्हाई. आतनं सारखं कुरकुर ऐकू यायचं, भर दुपारी. मला वाटायचं... जाऊ दे, काय वाटायचं ते.

प्राची : बाकीचे दोन कुठं गेले, काकू?

राजमती : हिरीत सोडले. पाणी गाळून फडक्यात राहिल्याला जीव आमी जैन हिरीतच परत सोडतो, तसंच.

प्राची : कधी?

राजमती : पर्युषणाच्या आदी. मग आठ दिवस हिरीतली आमची गावठी बेडकं लय वरडली. आनि एकेक गप. आता पायऱ्यांवर पडल्यात, पाय ताणून, कातडं सुटल्यालं. डोळं उघडं. सगळी वरच बघत्यात. भरल्या पावसाळ्यात हीर अशी गप हाय, जणू आत कुणी श्वास धरून बसलंय.

प्राची : ते दोघं पोहणारे नव्हेत. बहुतेक बुडाले. पण त्यांच्या कातडीवर बुरशी असू शकते, ती पाण्यातून पसरते. तपासल्याशिवाय नक्की सांगत नाही.

राजमती : म्हंजे जगवाय सोडलं, आनि मीच मारलं.

प्राची : तुम्हाला माहीत नव्हतं.

राजमती : म्हनून मेल्याली उठत न्हाईत, बाई.

प्राची : विहिरीचं पाणी कुठं जातं?

राजमती : मोटारीनं द्राक्षाला. वाहून जातंय ते वढ्याला, तिथनं येरळा नदीला.

प्राची : मग मोटार आजच बंद व्हायला हवी.

राजमती : छाटणी तोंडावर आलीया. आमचे सुकुमार भाऊजी ऐकायचे न्हाईत.

प्राची : मी बोलते त्यांच्याशी.

राजमती : बोला नंतर. मी आदी फ्यूज काढून आणती. आनि ह्या दोघांसंगं त्यो दाढीचा मग बी घेऊन जावा. पिल्लू आतच ऱ्हाऊ द्या.

प्राची : पण तो मग गोमटेशचा...

राजमती : न्या. तिला पिल्लू सापडाय पायजे.

(दहा दिवसांनी. फोनवर.)

प्राची : बुरशीच निघाली, काकू. विहिरीतल्या मेलेल्यांत, आणि इथं आणलेल्या तुमच्या नरातही. औषध चालू आहे, सुधारतोय.

राजमती : आनि ती?

प्राची : काल मगात अंडं घातलं तिनं. पिल्लाला मागचे पाय फुटतायत.

राजमती : भाऊजी आठ दिवस बोलले न्हाईत. आज टँकर मागवला बागेला. फ्यूज अजून माझ्यापाशीच हाय.

प्राची : विहिरीतून काही आवाज?

राजमती : रोज तिन्हीसांजेला पायरीवर बसती. डास लय झाल्यात. काल आतनं कुणीतरी हाक मारल्यावानी वाटलं. वाकून बघितलं, तर पाणी हलंना सुद्धा.

प्राची : एकट्या जात जाऊ नका हो.

राजमती : कुणीतरी ऐकाय पायजे न्हवं? एक जरी बेडूक बोललं, तर फोन करती तुमाला.

प्राची : कधीही करा.

राजमती : आनि न्हाई बोललं तर?

प्राची : तरी करा, काकू.