'ठीक' नावाचा तक्ता

पोलीस ठाणे, महाड
दिनांक १९/०६/२००६, वेळ दुपारी २.१० वा.

मी, सुम्बुल इनायत मुकादम, वय २४ वर्षे, शिक्षण बी.कॉम., धंदा नोकरी (कॉम्प्युटर ऑपरेटर), राहणार मोहल्ला, बाजारपेठेच्या मागे, महाड, जिल्हा रायगड. आज स्वतःहून पोलीस ठाण्यात आले असून समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझी आई नुरजहाँ अशा दोघी राहतो. वडील हयात नाहीत. भाऊ शोएब, वय २७, हा दोन वर्षांपासून आखातात कामाला आहे.

एस.टी. डेपोसमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर हैबती शिवराम कळंबे यांचे आखातात कामगार पाठवण्याचे कार्यालय आहे. तेथे मी ऑगस्ट २००३ पासून कामाला आहे. कळंबे यांना सर्वजण शेठ म्हणतात. माझ्या भावालाही त्यांनीच पाठवले आहे. कार्यालयात दोन कॉम्प्युटर आहेत, एक माझ्या टेबलावर व एक शेठच्या केबिनमध्ये. दोन्ही वायरने जोडलेले असून पत्रांच्या फाईली सामाईक आहेत. शेठ त्या केबिनमधून उघडून पाहू शकतात.

सध्या एका कंपनीत आमच्याकडचे एकतीस लोक आहेत. त्यांच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला खुशालीचे पत्र पाठवले जाते. पत्रात तक्ता असतो. कामगाराचे नाव, काम, तब्येत, जेवण, राहण्याची सोय, पुढील सुट्टी व निरोप अशा त्याच्या ओळी आहेत. वरंध गावचा अनस नावाचा मुलगा त्या कंपनीच्या कॅम्पमध्ये क्लार्क आहे. तो ई-मेलने माहिती पाठवी व मी प्रत्येकाचा तक्ता वेगळा भरी. त्या वेळी पत्रांत फरक असे. कोणाला ताप येऊन गेला, कोणाचा दात काढला, असे मी लिहीत असे.

सप्टेंबर २००५ मध्ये एका पत्रात मी कावीळ असे लिहिले. त्या मुलाच्या घरचे नऊ जण कार्यालयात येऊन दिवसभर बसले. ते गेल्यावर शेठ मला म्हणाले, "तुला डॉक्टर कोणी केलं? सगळ्यांना एकच तक्ता करून ठेव. नाव तेवढं बदलायचं."

विचारल्यावरून सांगते की, कॉम्प्युटरमध्ये एकदा आखलेला व भरलेला तक्ता नाव देऊन साठवून ठेवता येतो. नंतर कुठल्याही पत्रात ते नाव टाइप करून वरचे एक बटण दाबले की पूर्ण तक्ता रेघांसकट तसाच येतो. तो नमुना मीच तयार केला. तब्येत – ठीक, जेवण – ठीक, राहण्याची सोय – ठीक, पुढील सुट्टी – कंपनीच्या नियमाप्रमाणे, निरोप – काळजी करू नये, असा मजकूर भरून ठेवला. त्याला मी इंग्रजी चार अक्षरांत 'ठीक' असे नाव दिले. पूर्वी एकतीस पत्रांना दोन दिवस लागत. नंतर ती जेवणाच्या सुट्टीआधी होऊ लागली. त्या वेळी मला ते बरे वाटले होते.

कापडे गावाच्या वर डोंगरात धनगरांची वाडी आहे. तेथील राजू येसाजी ढेबे, वय २६, याला ऑक्टोबर २००५ मध्ये पाठवले. गॅरेजमध्ये हेल्पर असे काम त्याला सांगितले होते. तेथे त्याला वाळवंटातील मेंढ्यांच्या फार्मवर ठेवले, हे अनसच्या ई-मेलवरून मला समजले. तक्त्यात काम या ओळीत मी हेल्पर असेच ठेवले.

दिनांक ११/०२/२००६ रोजी अनसचा ई-मेल आला की, राजू ढेबे तीन तारखेपासून फार्मवर नाही, पासपोर्ट कंपनीकडे आहे, तपास चालू आहे. मी प्रिंट काढून शेठना दिली. ते म्हणाले, "रानातलाच आहे तो, येईल फिरून." एक मार्चला मी विचारले, याच्या पत्रात काय टाकू. ते म्हणाले, "सगळ्यांना काय टाकतेस?" मी तोच तक्ता टाकला. एप्रिल, मे व जूनचीही पत्रे त्याप्रमाणे गेली.

दिनांक १४/०६/२००६ रोजी अनसचा दुसरा ई-मेल आला. त्यात लिहिले होते की, सहा फेब्रुवारीला रस्त्यालगत एक अनोळखी प्रेत मिळाले होते व ते सरकारी दवाखान्यात ठेवलेले होते. कंपनीने अनसला पाहण्यास पाठवले असता, हातावर गोंदलेल्या नावावरून त्याने राजूला ओळखले. गोंदलेले नाव कोणाचे ते ई-मेलमध्ये लिहिले आहे. दोन्ही ई-मेलच्या प्रिंट मी हजर करीत आहे.

शेठनी तो ई-मेल केबिनमध्ये दोनदा वाचला. म्हणाले, "कागदपत्रं येईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. तुझा भाऊ त्याच कंपनीत आहे, त्याचा पासपोर्टही तिथेच आहे. विचार करून वाग." मी जागेवर येऊन बसले व दुसरे टायपिंग केले.

विचारल्यावरून सांगते की, माझ्या घरीही हेच पत्र येते. शोएबचे पत्र मीच तयार करते, घरी नेते व आईला वाचून दाखवते. आई ते कपाटात ठेवते. शोएबचा शेवटचा फोन ९ एप्रिलला आला होता. त्यानंतर मी अनसला तीन वेळा विचारले. दोनदा उत्तर आले नाही. तिसऱ्या वेळी त्याने लिहिले की, शोएबला दुसऱ्या साइटवर हलवले आहे, तिथली यादी माझ्याकडे नसते. मे व जूनची पत्रे मी आईला वाचून दाखवली आहेत.

आज सकाळी अकराच्या सुमारास राजूचे वडील येसाजी व आई जनीबाई कार्यालयात आले. जनीबाईंनी पिशवीतून आठ पत्रे काढून माझ्या टेबलावर ठेवली. मुलाचा फोन नाही, आखातातून गावात आलेल्या एका माणसाने त्याला तिकडे पाहिलेले नाही, असे येसाजी म्हणाले. शेठ केबिनच्या दारात आले व म्हणाले, "सुम्बुल, मावशींना ताजं पत्र काढून दे. म्हणजे समाधान होईल."

मी मशीनवर बसले. राजूचे नाव व काम टाइप केले. नंतर चार अक्षरे टाइप करून बटण दाबले. तक्ता आला. प्रिंट निघाली. ती मी जनीबाईंच्या हातात दिली. कागद गरम होता.

त्यांनी तो आधीच्या एका पत्रावर ठेवला व दोन्ही खिडकीच्या उजेडात धरली. रेघ रेघेवर बसत होती. त्या म्हणाल्या, "बाय, मला वाचाय येत नाय. पन ह्ये सगलं येकच हाय ना?"

मी टेबलावरची बाकीची पत्रे एकावर एक लावली.

त्या म्हणाल्या, "माजा राजू पावसात भिजला की चार दिस खोकतो. आठ म्हयन्यात येकदा पडसं बी नाय झालं त्याला? येकदा जेवन खारट नाय लागलं? मानूस हाय ना गो तो?"

येसाजी त्यांना "गप गो" म्हणाले. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

शेठ म्हणाले, "वाचून दाखव की त्यांना." मी वाचले. तब्येत ठीक. जेवण ठीक. राहण्याची सोय ठीक. काळजी करू नये. तेवढ्यात शेठ म्हणाले, "आणि हो, आज शोएबचंही काढून ठेव. तुझी आई वाट बघत असेल." त्यांनी हे शांतपणे सांगितले व ते आत गेले.

मी ई-मेलच्या प्रिंट खणातून काढून पर्समध्ये ठेवल्या. येसाजींना म्हटले, चला, आपल्याला पोलिसांकडे तक्रार द्यायची आहे. त्यांनी कशाची असे विचारले. मी म्हटले, पत्रांची. जिन्यावर असताना शेठनी मला दोनदा हाक मारली. मी थांबले नाही.

विचारल्यावरून सांगते की, मार्चपासून आजपर्यंत मी कोणाकडेही तक्रार केली नाही. फाईलला कुलूप नव्हते. तब्येत या ओळीतला शब्द खोडून दुसरा लिहायला मला अर्धे मिनिट लागले असते. दुसरा कोणता शब्द लिहावा, ते मला ठरवता आले नाही. शेठनी माझ्यावर हात उगारलेला नाही. कोंडूनही ठेवलेले नाही. मी रोज सकाळी साडेनऊला स्वतः जात होते.

माझ्या या जबाबानंतर भावाचे काय होईल, ते मला माहीत नाही. त्याच्याविषयीही चौकशी व्हावी. बाकीच्या एकोणतीस घरांना जूनची पत्रे मिळालेली आहेत, त्यांतला मजकूरही खात्री करून लिहिलेला नाही. एकतीस जणांची यादी व पत्ते मी देते.

येसाजी व जनीबाई बाहेर बाकावर बसलेले आहेत. चौदा तारखेच्या ई-मेलबद्दल मी त्यांना सांगितलेले नाही. डेपोपासून येथपर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत सांगावे असे मनात होते. रस्त्यावर गाड्या असल्यामुळे जनीबाईंनी माझा हात धरला होता, तो त्यांनी ठाण्याच्या पायरीपर्यंत सोडला नाही.

येथवरचा जबाब मी सांगत गेले तसा हवालदार साहेबांनी हाताने लिहून घेतला. तो मला वाचून दाखवण्यास सुरुवात झाली तेव्हा खोलीचे दार उघडे होते. फेब्रुवारीच्या ई-मेलपर्यंत वाचून झाल्यावर मी विनंती केली, म्हणून दार लावून पुढचा भाग हळू आवाजात वाचण्यात आला. मी सांगितले तेच लिहिलेले आहे, त्यात कमी-जास्त काही नाही.

(सही)
सुम्बुल इनायत मुकादम