ताप नसलेलं बाळ

—नाही हो ताई, ताप नाहीये, तेच तर सांगतेय! ताप असता तर एवढी घाबरले नसते मी. आमची मोठी नात तीन वर्षांची — परवा तिचा घसा धरला, तर अंग हे असं तापलेलं, रडून घर डोक्यावर घेतलं तिनं. आणि हे आठवड्याचं पोर — नुसतं गार. दूध ओढेना, रडेना. येरवड्यातल्या आमच्या शेजारणी म्हणतात, शालनताई, किती गुणाचा नातू! सून माझी, निकिता — खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे — तीही म्हणाली, आई, झोपू दे ना त्याला. मुलाचा, संजयचा, अमेरिकेशी फोन चाललेला. मी ऐकलं कुणाचं? नाही ऐकलं. पोर छातीशी धरलं, पायात चप्पल नाही, रिक्षा थांबवली नि इथं आणलं, ती दोघं मागनं आली —

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतूंचं विष रक्तात उतरलंय. म्हटलं, मग ताप कसा नाही? तर म्हणाल्या, आजी, मोठ्या मुलाचं शरीर ते विष ओळखतं, चवताळतं, तापतं. एवढ्याशा बाळाचं अजून ते शिकलेलंच नसतं — कधी ताप येतो, कधी उलट गारच पडतं. थोडे महिने गेले असते तर गोष्ट वेगळी... आता त्या काचेआड ठेवलंय. एवढासा हात, त्यात सुई — माझ्याच्यानं बघवत नाही हो —

मला कसं कळलं? कळतं बाईमाणसाला. — असं बघू नका ना. — होता एक. संजयच्या आधीचा. असाच गप्प पडला. सासूबाई म्हणाल्या, शांत आहे हो लेकरू. मी नवखी, मला काय ठाऊक? पदराखाली घेऊन बसून राहिले. उजाडलं तेव्हा... नावही ठेवलं नव्हतं त्याचं. संजयला माहीतच नाही, आपल्याला भाऊ होता म्हणून. संजयचे बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदा तोंडातून निघालं, तेही तुमच्यापुढं — ओळख ना पाळख —

दार उघडलं का? सिस्टर काय म्हणतात? तुम्ही ऐका, मला काही ऐकूच येईना! — दूध? आईचं दूध मागताहेत? थेंबथेंब देऊन बघायचंय? — अगं बाई... सोडा, हात सोडा माझा, निकिताला उठवते, तिकडं बाकावर डोळा लागलाय तिचा. आणि ताई, मघाचं ते बोलायचं नाही हं कुणाजवळ. तो बघा, आलाच —

काही नाही रे संजय. चहा कुठं मिळतो, ते विचारत होत्या या. चल.